पुष्पशाक : निघंटूतून परसात केव्हा येणार?



चैत्र लागला की सातपुड्याच्या पायथ्याची पहाट मोहाच्या गंधाने भरून जाते. उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन माणसे झाडाखाली पोहोचतात आणि रात्रीतून गळलेली फिकट पिवळी, रसदार फुले वेचू लागतात. तळोदा तालुक्यात व्यवसाय करू लागलो तेव्हापासून हे दृश्य मी दरवर्षी पाहत आलो. तरीही या फुलांकडे आहारद्रव्य म्हणून पाहण्यास मला बरीच वर्षे लागली. त्या विलंबाची कबुली देणे आणि त्या अनुषंगाने आपल्या सर्वांपुढे एक विचार ठेवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांतील प्रसंग आहे. अक्राणीच्या डोंगरातून एक तरुण माता चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मूल कृश, पोट पुढे आलेले, भूक मंद. आहाराची विचारपूस करताना तिने पदराची गाठ सोडली व आत बांधलेले लाडू दाखवले. वाळवून भाजलेली मोहफुले आणि तीळ एकत्र कुटून ते वळलेले होते. मी ते पाहिले मात्र, आणि चारचौघांत तिला बोललो. लहान मुलाला मोह चारतेस, उद्या दारू पाजशील, असे काहीसे माझे शब्द होते. लाडू बंद करून बिस्किटे द्यावीत, असा सल्लाही दिला. ती काही न बोलता निघून गेली.

दीड-दोन महिन्यांनी त्या मुलाला त्याची आजी घेऊन आली. वजन वाढले नव्हते. बिस्किटाचे पुडे मात्र नियमाने आणले जात होते आणि त्यासाठी घरातील अंडी बाजारात विकली जात होती. जाताना आजी पावरी बोलीत काही म्हणाली. माझ्या मदतनिसाने त्याचा अर्थ सांगितला : ‘दादा, दारू माणूस करतो, फूल झाड देते. तुम्ही फुलावर का रागावलात?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री भावप्रकाश निघंटू उघडला. मधूकपुष्पाचे वर्णन विद्यार्थिदशेत पाठ केलेलेच होते : मधुर, शीत, गुरू, बृंहण, बल व शुक्र वाढवणारे, वातपित्तहर. परीक्षेत मी ते लिहिले होते आणि दवाखान्यात नेमके त्याच्या उलट बोललो होतो.

शास्त्राची बैठक

मधुक म्हणजे ज्येष्ठमध व मधूक म्हणजे मोह, हा एका उकाराचा फरक आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. परंतु ज्येष्ठमध आपल्या प्रत्येकाच्या कपाटात असते आणि मोह दाराबाहेरच राहतो. चरकाचार्यांनी यज्जःपुरुषीय अध्यायात चौऱ्याऐंशी आसवयोनी सांगताना दहा पुष्पासवांमध्ये मधूकाची गणना केली आहे आणि ग्रहणी चिकित्सेत मधूकासवाचा स्वतंत्र योग दिला आहे. त्याच दहांमध्ये धातकीही आहे. धायटीच्या फुलांवाचून आपली बहुतेक आसवारिष्टे सिद्ध होत नाहीत. म्हणजे फूल बाटलीतून दिलेले आपल्याला चालते. ताटातून दिलेले मात्र मागासलेपणाचे लक्षण वाटते. ही विसंगती शास्त्राची नसून आपल्या दृष्टीची आहे, असे माझे नम्र मत आहे.

भावमिश्रांनी शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत : पत्र, पुष्प, फल, नाल, कंद आणि संस्वेदज. हे उत्तरोत्तर गुरू होत. म्हणजे पुष्पशाक हे पालेभाजीपेक्षा काहीसे जड व फळभाजीपेक्षा हलके. आहारात फुलाला इतके नेमके स्थान देणारे हे शास्त्र आहे. वानगीदाखल काही पुष्पशाकांचे गुण पाहू.

अगस्त्य, म्हणजे आपला हादगा. फूल शीत, तिक्त-कषाय, कटुविपाकी, पित्तकफनाशक, चातुर्थिक ज्वर, रात्र्यंधता व पीनस यांत उपयुक्त सांगितले आहे. शिग्रू, म्हणजे शेवगा. फूल कटू, तीक्ष्ण, उष्ण, कृमिघ्न व कफवातघ्न. कांचनाराचे फूल लघू, रूक्ष व ग्राही असून रक्तपित्त, प्रदर, क्षय व कास यांत हितकर. केळफूल स्निग्ध, मधुर-कषाय, गुरू, शीत व वातपित्तहर. तेही रक्तपित्त व क्षय यांत सांगितलेले. शाल्मली म्हणजे काटेसावर. तिच्या फुलांची तूप व सैंधव घालून केलेली भाजी प्रदरावर सांगितली आहे. यांतील प्रत्येक झाड नंदुरबार जिल्ह्यात वाढते. एकही वस्तू दुरून मागवावी लागत नाही.

एक झाड आणि त्यावरचा डाग

मोहाविषयी आपल्या मनात जी अढी आहे, तिचा काही भाग कायद्याने घडवला आहे. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांसाठी खास कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांचा वेगळा विचार झाला. फुले बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांवर बंधने आली. घरात फुलांचे पोते सापडले तर ते खाण्यासाठी आहे, हे सांगूनही कोणी ऐकेना, अशी स्थिती कित्येक पिढ्यांनी भोगली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वनवासींचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध उठवले. कायद्याने हात मागे घेतला. वैद्यांचे मन मात्र अजून जुन्याच कलमावर अडकलेले आहे.

मद्याची भलावण मी करीत नाही. मोहाच्या दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तशीच सातपुड्यातील देवकार्यांत त्या मद्याला मानाचे स्थान आहे, हेही आपण जाणतो. त्याचा न्याय करण्याचा अधिकार दवाखान्याला नाही. माझे म्हणणे इतकेच की, द्राक्षापासून मद्य होते म्हणून आपण रुग्णाला मनुका वर्ज्य करीत नाही, आणि गुळापासून होते म्हणून गूळही बंद करीत नाही. मग मोहाला वेगळा न्याय का?

ज्याचा दावा करू नये

उत्साहाच्या भरात अतिरेक होणे हा आपल्या क्षेत्राचा जुना दोष आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण राज्यात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव येते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आला. अशा ठिकाणी ‘मोहाचे लाडू खा, कुपोषण पळवा’ असे फलक लावणे सोपे आहे, आणि ते चुकीचेही आहे.

वाळलेल्या मोहफुलाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. त्यात प्रथिन अल्प. त्याने ऊर्जा मिळेल, धातुपोषणासाठी मात्र जोड हवी. तीळ, शेंगदाणे, हरभरा किंवा तूर आणि ज्यांना चालते त्यांना अंडे, ही ती जोड होय. त्या मातेने मोहात तीळ घातले होते, हे येथे आठवावे. तिने जे केले होते ते माझ्या सल्ल्यापेक्षा शहाणपणाचे होते. शिवाय मधूक गुरू आहे. मंदाग्नी असलेल्या बालकाला गुरू, बृंहण द्रव्य एकदम भरपूर दिल्यास अजीर्ण होईल आणि दोष फुलाला लागेल. अग्नी पाहून, अल्प मात्रेने आरंभ करावा, हा नियम येथेही सुटत नाही. ज्या बालकाचे कुपोषण तीव्र आहे, ज्याच्या पायांवर सूज आहे, ज्याला ज्वर किंवा अतिसार आहे, त्याला तत्काळ पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे. तेथे वेळ दवडून परसातील फुलांचे गुणगान करणारा वैद्य अपराधी ठरेल.

मग फुलांचे प्रयोजन काय? नित्याच्या ताटात वैविध्य आणणे. ज्वारी-मक्याची भाकर आणि मिरचीची चटणी एवढ्यावर ज्या घरात दिवस निघतात, तेथे ऋतूप्रमाणे एखादी पुष्पशाक वाढणे ही लहान गोष्ट नव्हे. ती विकत घ्यावी लागत नाही, आणि ती करण्याचे कौशल्य घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडे अद्याप आहे. ती स्त्री गेली की ते कौशल्यही जाईल. माझ्या मते खरी निकड येथे आहे.

केळकमळाची गोष्ट

शहादा-तळोदा परिसरातून ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिरताना बांधावर टाकलेल्या केळकमळांचे ढीग दृष्टीस पडतात. घडाच्या शेवटच्या फण्या सुटल्यावर खालचे कमळ कापून टाकतात, कारण ते ठेवल्यास घड पोसण्यास अडथळा होतो. कोकणात हेच केळफूल आवडीने शिजवले जाते. आपल्याकडे ते जनावरांपुढे जाते किंवा कुजते. बागेत राबणाऱ्या मजुराच्या घरी मात्र भाजी नसते.

ही भाजी फुकट मिळण्यासारखी आहे, असे मी एका सभेत बोललो. तेव्हा एका शेतकरी मित्राने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘वैद्यराज, कमळ निसवताना फुलकिड्यांसाठी त्यात कीटकनाशकाचे इंजेक्शन देतात, ठाऊक आहे ना?’ मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी सांगतो की ज्या बागेत असे औषध टोचले किंवा फवारले जाते तेथील केळफूल कदापि खाऊ नये. घरामागे, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या दोन केळींचे कमळ निःशंक खावे. द्रव्याचा गुण ग्रंथात पाहावा; ते कोणत्या भूमीत व कशा रीतीने वाढले, हेही पाहावे. भूमिपरीक्षा सांगणाऱ्या आचार्यांना हेच अभिप्रेत असावे.

हाच न्याय बाजारातील गुलाब, झेंडू व शेवंती यांना लागू होतो. हाराची फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात. त्यांवर झालेल्या फवारणीचा हिशेब कोणी ठेवत नाही. गुलकंद करावयाचा तर आपल्या अंगणातील देशी गुलाबाचा करावा. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत अलीकडे पदार्थांवर फुले मांडण्याची पद्धत आली आहे. ती पाहून आपल्या तरुण मंडळींना फुले खाणे ही नवलाई वाटते. त्यांना त्यांच्या आजीच्या हादग्याच्या भज्यांची आठवण करून द्यावी.

परसात काय लावावे

विचार कृतीत उतरावा म्हणून काही सूचना अनुभवाच्या आधारे मांडतो.

१) हादगा : कुंपणालगत दोन झाडे. बियांपासून लवकर वाढतो, बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलतो. लाकूड मऊ असल्याने वाऱ्यात मोडतो व आयुष्यही थोडे, म्हणून दरवर्षी एक नवे रोप लावत राहावे. वर्षाऋतूच्या अखेरीपासून शरदापर्यंत फुले मिळतात, म्हणजे पित्तप्रकोपाच्या काळात शीत, तिक्त-कषाय शाक दारात उभी राहते. आतील कडू केसर-दांडा काढून टाकावा. आश्विनात मुली ज्याच्या नावाने फेर धरतात, ते झाड कित्येक मुलींनी पाहिलेलेच नसते. त्यांना ते दिसेल, हा आणखी एक लाभ.

२) शेवगा : एक झाड पुरे. शेंगेसाठी लावलेल्या झाडाची सर्व फुले तोडू नयेत. खाली गळलेली ताजी फुले आणि काही घोस घ्यावेत. मूगडाळीबरोबर परतल्यास रुचकर. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीने, रक्तपित्ताच्या रुग्णाने बेताने खावा.

३) कांचन : कळ्यांची भाजी करावी. ग्राही असल्याने मलावष्टंभ असणाऱ्यास वारंवार देऊ नये.

४) लाल भोपळा : वेल छपरावर चढवावा. सकाळी नरफुले खुडावीत. परागणासाठी काही राखावीत. मादीफुलाच्या तळाशी बारीक फळ असते, त्यावरून ते ओळखू येते.

५) मोह : बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात लावावा. फुलावर येण्यास दहा-बारा वर्षे सहज जातात. हे झाड लावणारा स्वतःसाठी लावत नसतो. फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे. त्या आगीत मोहाचीच नवी रोपे जळतात आणि वणवाही पसरतो. त्याऐवजी झाडून घ्यावे किंवा झाडाखाली जाळी बांधावी. फुले स्वच्छ धुऊन, आतील केसर झटकून, कडकडीत वाळवून ठेवावीत. ओलसर राहिल्यास बुरशी धरते. अशी फुले टाकून द्यावीत.

पाककृतीविषयी एक शब्द. शाक शिजवून, पाणी पिळून, भरपूर स्नेहाने संस्कारित केल्यास ती फारशी दोषकर होत नाही, असे वाग्भटाचार्य सांगतात. हादग्याची फुले आपल्या गावच्या स्त्रिया नेमकी अशीच करतात. उकळलेले पाणी टाकल्याने काही जीवनसत्त्वे जातात, हा आधुनिक आहारशास्त्राचा आक्षेप खरा आहे. माझा मध्यममार्ग असा : कडू वा तीक्ष्ण फुलांचे पाणी पिळावे, मधुर फुलांचे पिळू नये, आणि तेलाचा हात आखडता घेऊ नये.

आणि सावधगिरीचा इशारा. ‘फुले खावीत’ हे वाक्य अर्धवट सांगणे धोक्याचे आहे. पांढरी, लाल व पिवळी कण्हेर, धोत्रा, कळलावी, रुई ही फुले आपल्याच अंगणात व कुंपणावर असतात आणि ती विषारी आहेत. कण्हेरीने हृदयावर घात होतो. मुलांना प्रथम न खाण्याची फुले दाखवावीत, नंतर खाण्याची. ओळख पटत नसलेले फूल ताटात येता कामा नये. प्रथमच खाणाऱ्याने थोडेच खाऊन पाहावे. दमा किंवा परागांचा त्रास असणाऱ्याने अधिक जपावे.

आपले कर्तव्य

काही सहव्यवसायी म्हणतात, ‘रुग्ण औषध मागण्यास येतो, भाजी सांगितली तर तो दुसऱ्या वैद्याकडे जाईल.’ हे काही अंशी खरे आहे. मलाही असे अनुभव आले. परंतु पथ्य पाळले तर औषधाचे काय काम आणि न पाळले तरी औषधाचे काय काम, हे वचन आपण भिंतीवर लावतो. तेव्हा पथ्याचा अर्थ केवळ ‘आंबट, तिखट, तेलकट बंद’ इतका आक्रसून कसा चालेल? पथ्य म्हणजे काय खावे हेही होय. ते रुग्णाच्या परसात उगवणारे असेल, तरच तो ते पाळू शकेल.

दुसरे म्हणणे असे की, २०२२ मध्ये आयुर्वेद आहाराविषयी नियम आले, आता ग्रंथोक्त आहारकल्पनांना बाजारपेठ मिळेल, तेव्हा मोहाचे, हादग्याचे पदार्थ वेष्टनात घालून विकावेत. कोणी करीत असेल तर माझा विरोध नाही. मात्र ज्या घरातून फूल गेले, त्याच घराला ते वेष्टनातून विकत घ्यावे लागले, तर आपण काय साधले? बिस्किटाच्या पुड्यासाठी अंडी विकणाऱ्या त्या घराची आठवण मला येथे येते.

माझी आपल्या संघटनेला विनंती अशी. सभासदांनी रुग्णपत्रकात आहाराच्या रकान्याखाली एक प्रश्न वाढवावा : ‘या ऋतूत घरी कोणती फुले, पाने, कंद खाता?’ उत्तर लिहून घ्यावे, त्यावर शेरा मारू नये. वर्षभरात सहा तालुक्यांतून जी माहिती जमेल ती आपल्या त्रैमासिकात एकत्र प्रसिद्ध करावी, बोलीतील नावांसह. दवाखान्यांसमोरच्या औषधी बागेत कोरफड, तुळस, गुळवेल यांच्या जोडीला हादग्याचे एक झाड असावे आणि पावसाच्या आरंभी येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीच्या हाती एक रोप द्यावे. एवढे करण्यास कोणाच्याही अनुदानाची गरज नाही.

त्या मुलाविषयी सांगून थांबतो. आजीच्या प्रश्नानंतर मी लाडू पुन्हा सुरू करावयास सांगितले, अंडी विकू नयेत अशी विनवणी केली, दीपन-पाचन व कृमिघ्न औषध दिले, आणि वजनासाठी अंगणवाडीशी संपर्क ठेवला. मूल सावरले. कशाने, ते मी निश्चित सांगू शकत नाही. अंड्याने, औषधाने, लाडवाने की वाढत्या वयाने, हे वेगळे काढणे अशक्य आहे. त्याची आई मात्र पुन्हा माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही. तिच्या पदराच्या गाठीतील अन्नाचा मी अपमान केला होता आणि त्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

इत्यलम्.